पाण्यातल्या औषधावर उजेडाचा उतारा

श्रोतेहो, नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी आपली मांजरा पुढे तेलंगणात शिरते. तिथं हैदराबादजवळच्या पाटणचेरू औद्योगिक वसाहतीकडून येणारा नक्कावागू हा ओढा तिला मिळतो. याच पाटणचेरूत सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध होत असे. स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. २००७ साली त्यांनी आकडे छापले. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे जीवाणू मारणारं एक प्रतिजैविक! गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातसुद्धा ते इतकं चढत नाही. आणि हे शुद्ध केल्यानंतरचं पाणी.

असं का होतं? आपली बहुतेक केंद्रं जीवाणूंच्या जोरावर चालतात. घाण खायचं काम तेच करतात. जे औषध जीवाणू मारायलाच बनवलं, ते त्यांनी कसं पचवावं? उलट त्या पाण्यात जे तगतात ते औषधाला दाद देईनासे होतात आणि तो गुण शेजारच्या जंतूंनाही देतात.

इथं उजेडाचा उपयोग होतो. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं. रंगात वापरतात तीच ही पांढरी पूड. तिच्यावर अतिनील किरण पडले की पाण्यात हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे क्षणभरच टिकणारे पण फार आक्रमक कण, तयार होतात आणि ती समोर येईल तो सेंद्रिय रेणू तोडत सुटतात. अडचण अशी, की सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम पाच टक्के. म्हणून आता युरिया किंवा मेलामाइन भट्टीत तापवून केलेली कार्बन नायट्राइडची पिवळी पूड वापरून पाहतात. तिला दिसणारा निळा उजेडही चालतो.

प्रयोगशाळेत औषधाच्या पाण्यात पूड टाकल्यावर दिवा लगेच लावत नाहीत. आधी ते भांडं अंधारात ढवळत ठेवतात, कारण काही औषध पुडीला नुसतंच चिकटतं. ते वजा केल्याशिवाय उजेडानं किती तुटलं ते कळत नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते शेवटची चाचणी. यंत्र सांगतं, सिप्रो नाहीसं झालं. पण रेणूची एक बाजू तुटली आणि क्विनोलोनचा गाभा, म्हणजे जंतू मारणारा मुख्य भाग, शाबूत राहिला, तर तुकडेही जंतू मारू शकतात. म्हणून ते पाणी जंतूंवर घालून बघायलाच हवं. ही चाचणी नसेल तर ‘९९ टक्के काढलं’ या दाव्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

खऱ्या सांडपाण्यात क्षार आणि इतर सेंद्रिय घाणही ही मूलकं खाऊन टाकते. गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही. म्हणून या तंत्राची जागा नदीकाठी नाही. ती कारखान्याच्या आत आहे, जिथं पाणी थोडं आणि औषध दाट असतं.

तंत्र तयार होतंय, पण कारखानदार ते बसवणार कशासाठी? केंद्र सरकारनं जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांच्या आधारे मसुद्यातून गळलेल्या मर्यादा कायद्यात याव्यात, आणि मांजरेच्या काठच्या लोकांनी त्या मागाव्यात.