शोषखड्ड्याची माती आणि विहिरीतले नायट्रेट

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि पाणीपुरवठा समितीतील बंधुभगिनींनो,

घरामागे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा बांधताना आपण सहसा एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे पाणी मुरते की नाही. हा प्रश्न आवश्यक आहे, पण अपुरा आहे. मुरलेले पाणी कोणत्या थरातून, किती वेगाने आणि कोणाच्या विहिरीकडे जाते, हेही त्याच दिवशी, त्याच जागेवर उभे राहून विचारायला हवे.

मुरण्याचा वेग मोजण्याची रीत सोपी आहे. खड्डा किंवा चर जितका खोल घ्यायचा असेल तितक्या खोलीवर पहारीने दहा सेंटिमीटर रुंदीचे भोक घ्यायचे, तळाशी थोडी खडी घालायची, रात्रभर पाणी भरून माती पूर्ण भिजू द्यायची आणि सकाळी खुणा केलेली काठी रोवून पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे. सेप्टिक टाकीविषयीच्या भारतीय मानक २४७० नुसार तीस मिनिटांच्या आत पाणी उतरले तर शोषखड्डा चालतो. साठ मिनिटांहून जास्त लागली तर ती जमीन सांडपाणी मुरवण्यास योग्य नाही. काळ्या मातीत मे महिन्यात न भिजवता ही चाचणी घेतली, तर पाणी भेगांतून झरझर निघून जाते आणि जमीन उत्तम असल्याचा दाखला मिळतो. तीच माती आषाढात फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तुंबून वर येतो. म्हणून रात्रभर भिजवण्याची पायरी कोणीही गाळू नये.

खड्डा तुंबू लागला की लोक तो आणखी खोल नेतात. पंधरा-वीस फूट खाली गेल्यावर काळी माती संपते, मुरूम लागतो, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण लागतो आणि मग पाणी हवे तितके मुरते. घरमालकाला खड्डा ‘चालला’ असे वाटते. माझ्या मते आपल्याकडच्या ग्रामीण स्वच्छतेतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. सांडपाणी स्वच्छ करण्याचे काम हवा खेळणारी, जिवाणूंनी भरलेली वरची मीटरभर माती करते, आणि खोल खड्डा नेमका तोच थर ओलांडून मैला थेट भूजलाच्या वाटेवर सोडतो. महाराष्ट्राचा फार मोठा भाग याच काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे आणि विहिरींचे पाणी याच मुरमातून व भेगांतून येते. भेगाळलेल्या खडकात सांडपाणी मुरवू नये, असे उपरोक्त मानकातही म्हटले आहे.

आता नायट्रेटकडे येऊ. मैल्यातील, आणि त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात लघवीतील, नत्र (नायट्रोजन) टाकीतून बहुतांशी अमोनियाच्या रूपात बाहेर पडते. हवेशीर मातीत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मातीचे कण अमोनिया काही प्रमाणात धरून ठेवतात. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर खाली जाते. म्हणजे निचऱ्याची जी जमीन आपण खड्ड्यासाठी चांगली म्हणतो, तीच नायट्रेटला सर्वांत मोकळी वाट देते. पाण्याच्या स्रोतापासून खड्डा १८ मीटर दूर ठेवण्याचा नियम रोगजंतूंसाठी उपयोगी आहे आणि तो पाळलाच पाहिजे, पण तेवढ्या अंतरात नायट्रेट नाहीसे होत नाही. त्याला विरळ करते ते फक्त पावसाचे मुरलेले पाणी.

तो हिशेब मांडून पाहू. एका माणसामागे रोज दहा ग्रॅम नत्र धरले, तर पाच जणांच्या घरामागे वर्षाला सुमारे १८ किलो होते. त्यातले निम्मे टाकीत आणि मातीत घटले असे मानले, तरी ९ किलो खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे नत्राच्या हिशेबाने सुमारे १० मिलिग्रॅम. तेवढे विरळ करायला ९ लाख लिटर पाणी लागते. सातशे मिलिमीटर पावसाच्या गावात त्यातले दहा टक्के मुरले, तर एका हेक्टरवर ७ लाख लिटर मिळतात. एका घराला सव्वा हेक्टरहून थोडी अधिक जमीन! आणि आपल्या गावठाणात एका हेक्टरवर कितीतरी घरे दाटीने उभी आहेत. शेतांखालून वाहत येणारे पाणी मदतीला येईल म्हणावे, तर त्यात युरियाचे नायट्रेट आधीच असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने ही मर्यादा ओलांडणारे आढळले. त्यात खताचा वाटा मोठा आहे, पण गावठाणातल्या आडाच्या बाबतीत केवळ शेतकऱ्याच्या खताकडे बोट दाखवून चालणार नाही.

याची सर्वाधिक झळ सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना बसते. दूध ज्या पाण्यात कालवतात त्यातील नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेत आयोवातील विहिरींच्या पाण्याशी हा संबंध १९४५ मध्ये हंटर कॉमली यांनी दाखवला. घरोघरच्या माउल्यांना हे स्पष्ट सांगायला हवे, की पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने आणि टीसीएलनेही (ब्लीचिंग पावडरनेही) ते जात नाही.

म्हणून नवीन घरांसाठी टाकीचा तळ पक्का असावा, तिचा गाळ वेळेवर उपसावा आणि बाहेरचे पाणी खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चरात सोडून त्यावर केळी किंवा गवत लावावे, म्हणजे नत्राचा काही भाग पीक उचलेल. जिथे घरे दाट आहेत, तिथे स्वतंत्र खड्ड्यांचा आग्रह सोडून सांडपाणी गावाबाहेर एकत्र नेण्याचा खर्च ग्रामपंचायतीने आराखड्यात धरावा. तोपर्यंत गावठाणातील प्रत्येक आड, विहीर आणि हातपंपाचे पाणी मे महिन्यात व पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये तपासून घ्यावे, नायट्रेटबरोबर क्लोराइड आणि जिवाणूंचीही तपासणी मागावी, आणि अहवालाशेजारी सर्वांत जवळच्या खड्ड्याचे अंतर व त्याची खोली लिहून ठेवावी.