डोकं वर, पाय त्याहून वर

[दृश्य : बँकॉक. उड्डाणपुलाखालची सावली. नारिंगी जाकिटं घातलेले दुचाकी टॅक्सीवाले. मधोमध हवेत एक वेताचा चेंडू.]

दुपारचे अडीच वाजलेत. या वेळेला बँकॉकमध्ये गिऱ्हाईक कमी असतं. दुचाकी टॅक्सीवाल्यांनी गाड्या रांगेत लावल्यात, हेल्मेटं आरशांना अडकवलीत आणि पुलाच्या सावलीत पाच जणांचं रिंगण धरलंय. चपला कडेला काढून ठेवल्यात. चेंडू खाली पडू द्यायचा नाही आणि त्याला हात लावायचा नाही. पाऊल, गुडघा, खांदा, डोकं, बाकी काहीही चालेल.

एकाने पाय मागच्या मागे दुमडला, चेंडूकडे न बघता तळव्याने तो उचलला आणि समोरच्याकडे दिला. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. रोजचंच आहे.

याच देशात पाहुणा उतरला की त्याला पहिल्या दिवशी बजावतात : पाय कुणाकडे करून बसू नका. देवळात बुद्धमूर्तीसमोर पाय मागे दुमडून बसा. पायाने वस्तू सरकवू नका, पायाने दार लोटू नका. घरंगळणारं नाणं पायाखाली दाबून थांबवू नका, कारण त्यावर राजाचा चेहरा आहे. आणि कुणाच्या डोक्याला, अगदी लाडाने लहान मुलाच्यासुद्धा, उगाच हात लावू नका.

आपल्याला हे फार परकं वाटत नाही. गर्दीत कुणाला पाय लागला तर आपलाही हात आपोआप त्याला लागून कपाळाकडे जातो. फक्त थायलंडमध्ये हा हिशेब जास्त काटेकोर आहे. शरीरात डोकं सगळ्यात वर, पवित्र. पाय सगळ्यात खाली.

आणि याच देशाचे दोन लाडके खेळ पायाचे आहेत : एक हा वेताच्या चेंडूचा, दुसरा मुए थाई, म्हणजे लाथा-कोपरांचं थाई मुष्टियुद्ध.

[दृश्य : राजदमनेर्न स्टेडियमची गोल इमारत, बाहेरून. मग आत, लढतीआधीची मालिश.]

खेळाला थाई भाषेत म्हणतात ‘किला’. गडकिल्ल्यांशी याचा संबंध नाही. आपली ‘क्रीडा’ पालीच्या वाटेने तिथे गेली आणि ‘किला’ झाली. असे ओळखीचे चेहरे आता बरेच भेटतील.

हे राजदमनेर्न स्टेडियम. 23 डिसेंबर 1945 ला, महायुद्ध संपून चारच महिने झाले असताना, इथे पहिल्या लढती झाल्या. मुए थाईची दुसरी मोठी पेठ 1956 साली उघडली. तिचं नाव लुम्पिनी, म्हणजे आपली लुंबिनी. जिथे बुद्ध जन्मला त्या गावाचं नाव, आणि आत कोपराने भुवया फुटतात. थाई माणसाला यात काही वावगं वाटत नाही. आपणही वाटून घ्यायचं कारण नाही.

आत शिरलं की आधी येतो तो वास. मालिशच्या तेलाचा, कापरासारखा, नाकात झिणझिण्या आणणारा. पोरगा बाकावर पालथा पडलाय, दोघं जण त्याच्या पोटऱ्या आणि मांड्या रगडताहेत. त्याच्या नडग्यांकडे बघा. मुए थाईत लाथ शक्यतो पावलाने मारत नाहीत, नडगीने मारतात. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या : आठ हत्यारं. म्हणून याला आठ अंगांची कला म्हणतात.

[दृश्य : मल्ल रिंगणाकडे चालत येतो. डोक्याला जाड, मागे शेपूट असलेली मुंडावळीसारखी पट्टी.]

डोक्यावर आहे ते ‘मोंगखोन’. मूळ शब्द, ओळखलाच असेल, मंगल. ते गुरूने घालायचं आणि गुरूनेच काढायचं. जमिनीवर ठेवायचं नाही, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आता बघा तो रिंगणात कसा शिरतो. दोरांच्या मधून नाही, खालून तर नाहीच. सगळ्यात वरच्या दोरावरून पाय टाकून आत उतरतो. डोकं आणि डोक्यावरचं मंगल कशाच्याही खालून जाता कामा नये.

आणि बायकांनी? बायकांनी सगळ्यात खालच्या दोराखालून, वाकून शिरायचं. कित्येक ठिकाणी आजही. लुम्पिनीत तर बाईने रिंगणाला स्पर्शही करायचा नाही असा दंडक होता, विटाळाची भीती. ही कल्पना कुठली हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नोव्हेंबर 2021 मध्ये लुम्पिनीत पहिल्यांदा दोन मुली लढल्या. रिंगणाला काही झालं नाही.

[ध्वनी : पी, ढोल, छिंग. आधी संथ.]

आता वाद्यं ऐका. सनईच्या जातीचं ‘पी’, दोन ढोल, आणि ‘छिंग’, म्हणजे जवळपास आपले टाळच. मल्ल गुडघ्यावर बसतो, तीनदा वाकून नमस्कार करतो आणि मग संथ, तोलून, नाचल्यासारखा रिंगणभर फिरतो. हे ‘वाय क्रू’. वाय म्हणजे नमस्कार, क्रू म्हणजे गुरू. प्रत्येक तालमीची फिरण्याची ढब वेगळी. जाणत्या प्रेक्षकाला दोन पावलांत कळतं, हा कुणाचा चेला.

पाच फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटं. पहिल्या दोन फेऱ्या बघून नवखा प्रेक्षक कंटाळतो : हे काय, नुसतं चाचपणं चाललंय. पण ते बाजारासाठी असतं. गॅलरीतल्या सट्टेबाजांना अंदाज घ्यायचा असतो, बोटांच्या खुणांनी भाव ठरत असतात. खरी लढत तिसऱ्या-चौथ्या फेरीत. तेव्हा वाद्यांची लय चढते आणि गुडघा लागला की सगळी गॅलरी एका सुरात ओरडते. पाचव्या फेरीत बराच पुढे असलेला मल्ल कधीकधी लढतच नाही, मागे मागे सरकत वेळ काढतो. हरणाराही समजून घेतो. उद्या परवा दोघांनाही पुन्हा पोट भरायचंय.

गुण कसे मिळतात हेही इथे वेगळं. नुसत्या ठोशाला किंमत कमी, बरगड्यांवर बसलेल्या लाथेला जास्त. पण एक लाथ अशी आहे की ती नुसत्या गुणांसाठी मारत नाहीत. ‘थीप’, म्हणजे पावलाने समोरच्याला लोटणं. पोटावर मारली तर डावपेच. तोंडावर मारली तर अपमान. तळपाय, सगळ्यात खालचा, आणि चेहरा, सगळ्यात वरचा : आता कळेल की ती बसल्यावर गॅलरी का हसते आणि मार खाणारा का पिसाळतो. सामार्त पायाकारून हा या लाथेचा उस्ताद. लुम्पिनीची चार वेगवेगळ्या वजनांची जेतेपदं त्याच्याकडे होती. पुढे तो साध्या मुष्टियुद्धात गेला आणि 1986 मध्ये तिथेही जगज्जेता झाला.

या खेळाची एक शूरकथा आहे, ती थोडक्यात सांगतो. 1767 मध्ये बर्मी फौजेने अयुथया जाळलं, हजारो कैदी नेले. त्यातला नाय खनोम तोम. 1774 मध्ये बर्मी राजासमोर तो एकामागून एक मल्लांशी लढला आणि सगळ्यांना लोळवलं. कुणी नऊ सांगतं, कुणी दहा. अशा कथांत आकडा कमी होत नसतो. 17 मार्चला त्याच्या नावाने मुए थाई दिन पाळतात.

शूरकथेत न येणारी गोष्ट सांगायला हवी. हे मल्ल येतात मुख्यतः ईशान्येच्या इसान भागातून, भातशेतीच्या आणि कर्जाच्या गावांतून. आठव्या-नवव्या वर्षी पोरगं जत्रेत लढायला लागतं आणि बिदागी घरी देतं. नोव्हेंबर 2018 मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा रिंगणात पडला तो उठला नाही. मेंदूत रक्तस्राव. तोवर त्याच्या 170 च्या आसपास लढती झाल्या होत्या, असं तेव्हा छापून आलं. बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी घालायची चर्चा झाली. तालमीवाले म्हणाले, लहानपणी सुरुवात नाही तर मल्ल घडत नाही, आणि घरी पैसे कोण देणार. पहिलं वाक्य पटत नाही. दुसऱ्याला उत्तर सुचत नाही.

[दृश्य : वात फ्रा क्यो देऊळ. भिंतीवरची रामकथा. कॅमेरा सावकाश सरकतो.]

थोडं शांत ठिकाणी येऊ. राजवाड्याच्या आवारातलं हे पाचूच्या बुद्धाचं देऊळ. ओवरीच्या भिंतींवर ‘रामकियेन’ रंगवलंय, थाई लोकांचं रामायण. या चित्रांत वानरांच्या रिंगणात खुद्द हनुमान ताक्रो खेळतोय. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, खट्याळ आहे, प्रेमात पडतो. त्याला चेंडूही मिळाला याचं नवल नाही.

ताक्रो म्हणजे तो वेताचा विणलेला चेंडू. हातात घेतला तर पोकळ, हलका. पायावर बसला की टक् असा कोरडा आवाज करतो. खेळ साऱ्या भागाचाच : मलय लोक त्याला ‘सेपाक रागा’ म्हणत. 1960 च्या दशकात नियम ठरवायला सगळे जमले, तेव्हा नावावरून अडलं. शेवटी अर्धं अर्धं केलं. ‘सेपाक’ म्हणजे मलय भाषेत लाथ, ‘ताक्रो’ थाई. सेपाक ताक्रो. राज्यांच्या नावांवरून आपल्याकडे झालेली भांडणं आठवली तर हा तोडगा फारच स्वस्तात पडला.

[दृश्य : सामना. संथ गतीत, जाळीपाशी हवेत उलटा झालेला खेळाडू.]

मैदान बॅडमिंटनच्या दुहेरीएवढं. पुरुषांची जाळी 1.52 मीटर उंच. एका बाजूला तिघं. मागचा तेकोंग, एक पाय छोट्या वर्तुळात रोवून दुसऱ्याने सर्व्हिस मारतो, पाय कानाच्या वर जातो. पुढच्या दोघांत एक चेंडू उचलून देणारा, एक मारणारा.

मारणाऱ्याकडे बघा. जाळीकडे पाठ. एका पायावर उडाला. अंग हवेत आडवं, मग उलटं. डोकं जाळीच्या खाली, पाय जाळीच्या वर. तिथून चेंडू खाली ठोकला, गिरकी पुरी केली आणि पायांवरच उतरला. व्हॉलीबॉलचा स्मॅश, पण पायाने आणि कोलांटी मारत. माझ्या मते चेंडूच्या खेळांत याहून देखणा क्षण दुसरा नाही. पट्टीचे खेळाडू एका सामन्यात तो कित्येकदा करतात आणि चेहऱ्यावर सुरकुती येत नाही.

आता चेंडू वेताचा राहिला नाही, 1980 च्या दशकात कृत्रिम धाग्याचा आला. सगळे चेंडू सारखे झाले. कोरडा आवाज गेला. 1990 पासून हा खेळ आशियाई स्पर्धांत आहे आणि थायलंड त्यातला दादा. 2018 मध्ये आपल्या पुरुष संघाने या खेळात भारताचं पहिलं आशियाई पदक आणलं, कांस्य. उपांत्य फेरीत समोर कोण होतं हे सांगायला नको.

देणं-घेणं उलटंही झालंय. थाई पोरांचा एक जुना खेळ आहे, ‘ती-चाप’. एकाने ‘तीऽऽ’ असा दम धरून पलीकडे जायचं, शिवायचं, दम सुटायच्या आत परतायचं. हुतूतू खेळलेल्याला पुढचं सांगायची गरज नाही. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारतासमोर उभा राहिला तो थायलंडच.

[दृश्य : बॅडमिंटन कोर्ट. लहान मुलं पावलांचा सराव करताहेत.]

सगळ्याच गोष्टी पायाच्या नाहीत, आणि ही तर मिठाईची आहे. ‘थोंग योत’ म्हणजे अंड्यातला पिवळा बलक साखरेच्या उकळत्या पाकात सोडून केलेले सोनेरी थेंब. बँकॉकच्या एका थोंग योत कारखान्यात रत्चानोक इंतानोनची आई कामाला होती. पोर पायात पायात करायची, पाकाच्या कढया उकळत असायच्या. भाजेल एखाद दिवशी, म्हणून मालकिणीने तिला बॅडमिंटनच्या कोर्टावर धाडलं. कारखान्याच्या कुटुंबानेच ती बॅडमिंटन शाळा काढली होती, नाव ‘बान थोंग योत’, थोंग योतचं घर. 2013 मध्ये, अठराव्या वर्षी, रत्चानोक एकेरीची जगज्जेती झाली. त्याच शाळेचा कुन्लावुत वितिदसार्न 2023 मध्ये जगज्जेता झाला आणि 2024 ला पॅरिसहून ऑलिंपिकचं रौप्य घेऊन आला.

पण पुन्हा पायाकडे यावं लागतं. थाई माणसाचं खरं नाव लांबलचक, म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव असतं, ‘छ्यू लेन’. शब्दशः अर्थ, खेळायचं नाव. सुरत थानीच्या एका क्रीडाप्रेमी घरात मुलांची नावं ठेवली बोलिंग, बेसबॉल आणि टेनिस. यातली टेनिस टेनिस खेळली नाही. ती तायक्वांदोत गेली. पानिपाक वोंगपत्तनकित. टोकियोच्या अंतिम लढतीत शेवटची काही सेकंद उरली असताना ती मागे होती. एक फटका, आणि 11-10. पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण. दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारी पहिली थाई खेळाडू. तिचे गुरू चोई यंग-सोक मूळचे कोरियाचे. 2022 मध्ये त्यांनी थाई नागरिकत्व घेतलं.

तायक्वांदोत सगळ्यात जास्त गुण कशाला? गिरकी घेऊन डोक्यावर बसवलेल्या पायाला.

[दृश्य : पुन्हा उड्डाणपूल. ऊन कललंय.]

साडेचार वाजलेत. हातात पिशव्या घेतलेली एक बाई स्टँडवर येते. ज्याचा नंबर आहे तो रिंगणातून मागे सरतो, चपला चढवतो, आरशाचं हेल्मेट काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरतो. ते डोक्यावर ती स्वतःच चढवते.

उरलेले चौघं अर्धं पाऊल पुढे आलेत. चेंडू अजून वरच आहे.