परदेशी गुत्त्यांच्या मुठी

श्रोतेहो, नमस्कार. छंदाविषयी बोला म्हणून मला बोलावलंय, आणि माझा छंद ऐकून काही घरांत भुवया वर जाणार आहेत. मी बियरच्या नळांच्या मुठी जमवतो. बियर नव्हे, मुठी. पबच्या काउंटरवर नळ असतात, ते ओढायला वर जो दांडा किंवा गोळा लावलेला असतो, तो. मी स्वतः कोल्हापूरचा, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर वाढलेला माणूस. फेस बघायचा तर म्हशीच्या धारेचा. पिशवीतल्या दुधाला दूध म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरात रोज भांडण होतं, पण तो आजचा विषय नव्हे.

आज दोनच गोष्टी सांगायच्यात, आणि त्या मी पुन्हा पुन्हा सांगणार. एक, जुनी मूठ घासायची नाही. दोन, ती कुठल्या दुकानातली, हे चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

आधी थोडं मुठींविषयी. इंग्लंडातल्या जुन्या पबमध्ये पिंप तळघरात असतं आणि बियर हातपंपानं वर खेचायची. जोसेफ ब्रामानं अशा पंपाचं पेटंट घेतलं १७९७ साली. त्याचा दांडा लांब, कारण जोर लावावा लागतो. आपला बोअरिंगचा हापसा आठवा. अमेरिकेत गॅसच बियर ढकलतो, मूठ नुसती झडप उघडते. मग तिथं मुठीला एवढं महत्त्व कशानं आलं? तर १९२० ते १९३३ त्या देशात दारूबंदी होती. त्याआधी मोठमोठ्या बियर कंपन्या स्वतःच गुत्ते बांधायच्या, आणि तिथं बहुतेक त्यांचीच बियर. बंदी उठल्यावर कंपन्यांना असे गुत्ते ठेवायला मनाई झाली. एकाच काउंटरवर चार कंपन्यांचे नळ आले. आता कुठल्या नळातून काय येतंय हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? बऱ्याच राज्यांनी सांगितलं, नळावर नाव घाला. म्हणून मुठीवर नाव आलं. सुरुवातीला बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचा, गोळा आणि त्याच्या तोंडावर मिन्याची चकती. आज दिसतात त्या हातभर उंचीच्या, रंगीबेरंगी मुठी फार नंतरच्या.

दुकानावर खूण लावायची सक्ती मात्र फार जुनी. इंग्लंडात दुसऱ्या रिचर्ड राजानं १३९३ साली गुत्तेवाल्यांना बाहेर पाटी टांगायला लावली. पांढरा हरिण हे त्या राजाचं चिन्ह, आणि त्या नावाचे पब तिथं अजून आहेत. पाटीवरून आठवलं. बाबूराव पेंटरांच्या या गावात एके काळी दुकानाची पाटी बघायला माणूस थांबायचा. आता चौकाचौकांत फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर वाढदिवसाचे गॉगल. जाऊ दे.

आता खरी गोष्ट सांगतो, ज्यासाठी मी आलोय.

माझा भाचा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. बियरचंच गाव ते. तिथं श्लिट्झ नावाच्या कंपनीनं जुन्या काळी बांधलेले कोपऱ्यावरचे गुत्ते अजून उभे आहेत, दर्शनी भिंतीवर कंपनीचा पृथ्वीचा गोल दिसतो. असाच एक गुत्ता बंद होत होता, मालकीणबाई सामान काढत होत्या. भाच्यानं तिथला एक गोळा घेतला आणि मला पाठवला. "मामा, चकती थोडी उडालीय, पण तुम्हाला चालेल." काळा बॅकेलाइटचा गोळा. आमच्या सौ. म्हणाल्या, कुठल्या जीपच्या गिअरचा काढून आणला?

मला तो स्टँडवर बसवायचा होता, पण आतल्या आट्यांत वर्षानुवर्षांची चिकट घाण घट्ट बसलेली, बोल्ट फिरेना. गेलो शिवाजी उद्यमनगरात. तिथं माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवतो. मी आयटीआयत शिकवायचो, त्यामुळं उद्यमनगरात कुठंही गेलो तरी चहा चुकत नाही. त्यानं गोळा हातात घेतला, आत डोकावला, एक बोल्ट लावून बघितला आणि म्हणाला, "तीन सूत, सोळा आटे. हे तर आपलंच की, सर." तीन सूत म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मी जाडी, आणि इंचाला सोळा आटे.

मी म्हटलं, "अरे, हा अमेरिकन आटा. त्याचा कोन साठचा. तुझा आटे पाडायचा टॅप व्हिटवर्थचा, जुन्या इंग्रजी मापाचा, पंचावन्नचा. मीच शिकवलंय तुला."

तो म्हणाला, "शिकवलंय की. पर पाच डिग्रीनं बियर अडतीय व्हय?"

आणि टॅप फिरवून त्यानं आटे साफ केले. इथपर्यंत ठीक. आम्ही चहाला वळलो, तेवढ्यात त्याच्याकडच्या पोरानं गोळा उचलला आणि बफिंगच्या चाकाकडं निघाला. चांगल्या मनानं हो, साहेबांचं काम चकाचक करून द्यायला! चाक फिरतंय, गोळा चार बोटांवर. मेस्त्री, म्हणजे माझा तो विद्यार्थी, असा ओरडला की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. "ठेव खाली! त्यावर हात बसलेत!"

मला वाटलं, माझ्यासाठी ओरडला. पण त्याला काहीतरी दिसलं होतं. त्यानं तो गोळा लेथच्या एका लिव्हरवर बसवला, नाव पलीकडं, गिऱ्हाइकाच्या बाजूला. मग उजव्या हातानं धरला. गोळ्यावर एका बाजूला झिजून गुळगुळीत खळगा झालेला, अंगठ्याएवढा. त्यात अंगठा बसेना. डाव्या हातानं धरला. बरोब्बर बसला. "डावखुरा हुता बघा ओढणारा," मेस्त्री म्हणाला. लिव्हर धरण्यात आयुष्य गेलेला माणूस तो, तो सांगणार आणि मी नाही म्हणणार?

रात्री भाच्याला फोन. म्हटलं, त्या मालकीणबाईंना विचार, बियर कोण ओढायचं, आणि तो डावरा होता का. भाचा म्हणाला, "मामा, लोक हसतील मला." पण गेला बिचारा. बाई म्हणाल्या, माझे वडील ओढायचे. डावरे नव्हते, चांगले उजवे होते. पण तो नळ काउंटरच्या अगदी टोकाला, भिंतीला चिकटून होता. उजवा हात घालायला जागाच नव्हती!

हे मी मेस्त्रीला जाऊन सांगितलं. तो हरलाय असं त्याच्या तोंडावर कुठंही दिसलं नाही. म्हणाला, "हात डावाच निघाला का न्हाई? मग चिठ्ठीवर भिंत लिव्हा, सर."

लिहिली. गावाचं नाव, गुत्त्याचं नाव, टोकाचा नळ, बाजूला भिंत. म्हणून म्हणतो, मूठ घासू नका. त्या पोराला आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर गोळा आरशासारखा झाला असता आणि भिंत गेली असती. घासू नका, आणि दुकान लिहून ठेवा. बाजारात नवीकोरी मूठ पाहिजे तेवढी मिळते. ती विकत आणून फळीवर मांडणाऱ्यांना मी संग्राहक म्हणत नाही. रागावले तर रागावू देत.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं मिलवॉकीला जाणार? नका जाऊ. गोटी सोड्याची बाटली घ्या. तीसुद्धा मूळ इंग्लंडचीच, हायरम कॉड नावाच्या माणसानं १८७० च्या सुमाराला काढलेली. जुन्या बाटलीच्या काचेवर कधीकधी सोडावाल्याचं नाव उठवलेलं असतं. भंगारवाल्याकडं अशी एखादी दिसली, तर पैसे देतानाच विचारून घ्या, ही आली कुठून, त्या सोडावाल्याची गाडी कुठल्या चौकात लागायची, आता कोण आहे तिथं. भंगारवाला वैतागेल. तरी विचारा. आणि घरी नेऊन लगेच चिंच-मीठ लावून बसू नका!

मेस्त्रीनं तो गोळा मला परत दिला, पण सुखासुखी नाही. स्वतःच्या लेथसाठी त्यानं शिसवीचा तसाच एक वळवून घेतलाय, तीन सूत, सोळा आटे. त्याच्या तोंडावर नाव कुणाचं घालायचं, यावर त्याच्या शेडमध्ये अजून वाद चालू आहे. नमस्कार.