घेट्टोतली उंच घरं

नमस्कार, श्रोते हो.

कोंडलेल्या कुठल्याही वस्तीला आपण आता सर्रास 'घेट्टो' म्हणतो. मुळात तो व्हेनिसमधल्या एका छोट्या बेटाचा पत्ता. तिथे पूर्वी धातू ओतायची भट्टी होती. ओतणं म्हणजे इटालियनमध्ये 'जेत्तारे', म्हणून जागेचं नाव 'जेत्तो'. जर्मनीकडून आलेल्या ज्यूंच्या तोंडी 'ज'चा 'ग' झाला, असं मानतात.

29 मार्च 1516 रोजी व्हेनिसच्या सिनेटने हुकूम काढला: शहरातल्या ज्यूंनी याच बेटावर राहायचं. सेंट मार्कच्या मनोऱ्यातली 'मारांगोना' घंटा सकाळी वाजली की दरवाजे उघडायचे, रात्री पुन्हा कुलूप. पहारेकरी ख्रिस्ती, पण त्यांचा पगार ज्यूंनी द्यायचा. कालव्यात रात्री गस्त घालणाऱ्या होड्यांचा खर्चही त्यांच्याच माथी!

घरांची कथा याहून गुंतागुंतीची. ज्यूंना घर विकत घ्यायला बंदी, त्यामुळे मालक ख्रिस्तीच राहिले. आधीचा भाडेकरू जे द्यायचा, त्यावर एक तृतीयांश वाढवून भाडं ठरलं. पण ज्यूंच्या कायद्यात 'हजाका' नावाचा ताब्याचा हक्क होता, तो इथे रुजला. जो राहतोय त्याला हुसकायचं नाही. हा हक्क मुलांना वारशाने जातो, मुलीच्या हुंड्यातही देता येतो. मुंबईच्या पागडीची सवय असलेल्याला हे लगेच कळेल.

माणसं वाढली, पण बेट काही वाढेना. मग बांधकाम वर चढलं, सात-आठ मजल्यांपर्यंत. व्हेनिसची जमीन चिखलाची, पाया लाकडी खुंटांचा. जड भिंती रचल्या तर इमारत खचणार. म्हणून आतल्या भिंती हलक्या, लाकडाच्या, आणि छत इतकं ठेंगणं की एका नेहमीच्या मजल्याच्या उंचीत जवळजवळ दोन बसावेत. चौकात उभं राहून शेजारच्या घरांशी खिडक्यांच्या ओळी ताडून पाहा, फरक लगेच दिसतो.

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र वरच्या मजल्यावर, कारण प्रार्थनेच्या जागेच्या डोक्यावर कुणी राहू नये. 1528-29 मधलं जर्मन ज्यूंचं सिनेगॉग बाहेरून ओळखायचं तर वर एका रांगेत पाच कमानदार खिडक्या शोधा. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथाचे पाच भाग म्हणून पाच. आत संगमरवरासारखं दिसतं ते 'मार्मोरिनो', म्हणजे चुना आणि संगमरवराची भुकटी मिसळून घोटलेला गिलावा.

नावाचा एक घोळ सांगायलाच हवा. 'नवा घेट्टो', म्हणजे 1516 चं ते बेट, हा 'जुन्या घेट्टो'च्या आधीचा! नवं-जुनं हे भट्ट्यांचं, वस्तीचं नव्हे. जुन्या भट्टीच्या जागी ज्यू 1541 मध्ये आले, तेही पूर्वेकडून आलेले ज्यू व्यापारी. 'अगदी नवा घेट्टो' हा तिसरा भाग 1633 चा.

पोटापाण्याला मोजकेच धंदे मोकळे: जुने कपडे, औषधपाणी, गहाणवट. गहाणाच्या पेढ्या लाल, हिरवी आणि काळी, पावतीच्या रंगावरून. गरिबांना कमी व्याजाने कर्ज देणं ही वस्तीवर लादलेली अट होती, मर्जीचा धंदा नव्हे.

जुलै 1797 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत दरवाजे उखडून जाळले. सप्टेंबर 1943 मध्ये ज्यू समाजाचे अध्यक्ष डॉ. जुझेप्पे योना यांनी जर्मनांच्या हाती सभासदांची यादी पडू नये म्हणून आत्महत्या केली. तरीही दोनशेंहून अधिक माणसं पकडून नेली गेली. परत आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आज कान्नारेजो कालव्याकडून जुन्या घेट्टोत शिरताना मान वाकवून दगडी चौकट बघा. बिजागऱ्यांच्या खाचा अजून तिथे आहेत.