वेस्ट ब्रँचचे दोन खोल्यांचे घर

श्रोतेहो, नमस्कार. शिकागोहून मोटारीने पश्चिमेकडे निघाले की इंटरस्टेट ८० महामार्गाच्या दोन्ही अंगांना तासन्‌तास मक्याची आणि सोयाबीनची शेते दिसत राहतात, आणि इथे पाहण्यासारखे काही नाही असे समजून अनेक प्रवासी आयोवा राज्य एका दमात ओलांडतात. आपण मात्र आयोवा सिटीच्या अलीकडे, वेस्ट ब्रँच या सुमारे अडीच हजार वस्तीच्या गावी अर्धा दिवस तरी अवश्य थांबावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

या गावात १० ऑगस्ट १८७४ रोजी एका लोहाराच्या घरी हर्बर्ट हूवर यांचा जन्म झाला. १९२९ साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे जन्मघर अजून उभे आहे. १४ फूट रुंद, २० फूट लांब, दोन खोल्या, आणि त्यांत आई-वडील व तीन मुले. मोठ्या पलंगाखाली सरकवून ठेवायची एक बुटकी खाट तिथे आहे. रात्री मुलांना निजवण्यासाठी ती बाहेर ओढायची. ती खाट पाहताना, नवव्या वर्षीच आई आणि वडील दोघांनाही पारखा झालेला हा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो.

जवळच १८५७ सालचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे प्रार्थनागृह आहे. तिथे ना वेदी, ना मूर्ती. लाकडी बाकांवर एका बाजूला स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसत, आणि कुणाला अंतःप्रेरणेने बोलावेसे वाटेपर्यंत सारे स्तब्ध राहत. या गावाच्या शांततेचे मूळ मला त्या बाकांवर सापडले.

पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील बेल्जियमला उपासमारीतून वाचवण्यासाठी हूवर यांनी धान्य पोहोचवण्याची प्रचंड व्यवस्था उभारली. पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर बेल्जियन स्त्रियांनी रंगीत धाग्यांनी फुले आणि आभाराचे शब्द भरले; त्यांतली कित्येक पोती इथल्या संग्रहालयाने जपली आहेत. जाड्याभरड्या कापडावरचे ते नाजूक टाके पाहिले की कृतज्ञता म्हणजे काय ते कळते. महामंदीच्या काळात याच हूवर यांच्यावर देश रुष्ट झाला, हेही खरे. पण त्या रोषाखाली हे काम झाकून जावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

उत्तर उन्हाळ्यात गेलात तर मागच्या ८१ एकरांच्या माळावरही फिरावे. एके काळी आयोवाचा बहुतेक भाग व्यापणारे उंच गवत तिथे पुन्हा रुजवले आहे, आणि ते माणसाच्या डोक्यावरून जाते.

त्याच परिसरातील टेकडीवर हूवर पती-पत्नींच्या समाध्या आहेत. पांढऱ्या संगमरवरावर फक्त नावे आणि वर्षे कोरली आहेत, पदाचा उल्लेखसुद्धा नाही. समोरचा उतार मुद्दाम मोकळा राखला आहे, त्यामुळे तिथे उभे राहिले की खाली ते दोन खोल्यांचे घर सरळ नजरेत येते.