कोमट पाण्यातली उष्णता

नमस्कार मंडळी. घरातल्या फ्रिजच्या मागे नाहीतर बाजूला कधी हात लावून बघा, गरम लागतं. आतल्या दुधातली, भाजीतली उष्णता उपसून तो बाहेर टाकत असतो. हेच मशीन मोठं केलं आणि त्या गरम बाजूचा उपयोग करायचा ठरवलं की झाला हीट पंप.

मी आज बोलतोय ते हा पंप को-जनला, म्हणजे वीज आणि उष्णता एकत्र बनवणाऱ्या केंद्राला, जोडण्याबद्दल. साखर कारखान्याच्या भागातल्या लोकांना हे सांगायला नको, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जळतो, वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज होते आणि तीच वाफ पुढे रस आटवायला जाते. एका जळणात दोन कामं. कोळशाच्या नुसत्या वीजकेंद्रात 35-40 टक्केच उष्णता विजेत उतरते, बाकी कूलिंग टॉवरमधून नाहीतर चिमणीतून जाते. को-जनमध्ये वाया जाणं खूप कमी होतं पण तरी शेवटी कोमट पाणी उरतंच, आणि मला तळमळ आहे ती ह्या पाण्याची.

फिनलंडमधल्या हेलसिंकीचं बघा. तिथे बहुतेक इमारती जमिनीखालच्या पाइपातून येणाऱ्या गरम पाण्याने तापतात आणि ते पाणी कित्येक वर्षं कोळशावर वीज आणि उष्णता एकत्र बनवणाऱ्या केंद्रांतून यायचं. 2006 मध्ये त्यांनी काट्री वाला नावाच्या पार्कखाली, खडकाच्या पोटात, हीट पंप बसवले, सुरुवातीलाच 90 मेगावॅट उष्णता देणारे. ती घेतात कुठून, तर शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून! लोकांच्या आंघोळीचं, भांड्यांचं पाणी, जे समुद्रात जायचं, त्यातली ऊब काढून परत त्यांच्याच घरात. उन्हाळ्यात हेच पंप ऑफिसं गार करतात आणि तिथून काढलेली उष्णता गरम पाण्याला देतात. पुढे 2023 मध्ये हानासारी आणि 2025 मध्ये साल्मिसारी, अशी कोळशाची दोन्ही केंद्रं बंद झाली.

पण पंप चालवायला वीज लागतेच. विहीर जितकी खोल तितकी मोटर जास्त ओढते ना, तसंच हे. 10 अंशांच्या पाण्यातली उष्णता 80 अंशांवर चढवायची तर एक युनिट विजेत साधारण अडीच युनिट उष्णता मिळते, आणि सुरुवातच 40 अंशांपासून केली तर चारच्या वर. म्हणून वीजकेंद्राचं कोमट पाणी नदी-समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी मोलाचं, आणि वीज तर तिथेच तयार होत असते.

आपल्याकडे घरं तापवायची गरज नाही, कबूल. पण गाळप चालू असताना पहाटे स्प्रे पाँडवर, म्हणजे कारखान्याचं गरम पाणी फवारून गार करायच्या तळ्यावर, जो वाफेचा ढग उभा राहतो ती मुख्यतः रस आटवताना आणि साखर शिजवायच्या पॅनमधून आलेली उष्णता आहे, ते पाणी 40 अंशांच्या आसपास असतं आणि कच्चा रस पहिल्या टप्प्यात तापवायचा असतो 70 पर्यंत. म्हणजे विहीर फक्त 30 अंश खोल! हे तापवणं वाफेऐवजी पंपाने केलं आणि तेवढी वाफ वाचली तर बगॅस वाचेल, हंगामानंतर वीज करायला किंवा विकायला. आता अडचण अशी की गाळप चार-पाच महिन्यांचं, मशीन महागाचं, आणि पंपाला दिलेली वीज ग्रिडला विकली असती तर किती मिळाले असते तेही धरायला हवं. जिथे डिस्टिलरी जास्त महिने चालते तिथे हिशोब आधी जमेल असं मला वाटतं, आणि तो हिशोब कारखान्यांनी ह्याच हंगामात, पाँडच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून, करायला घ्यावा.