दोगा: दोन चित्रांमधलं चित्र

[टेबल. खालून उजळलेली काच, तिच्यावर कागद.]

तोक्योतल्या सुगिनामी आणि नेरिमा भागांत ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बनवणाऱ्या स्टुडिओंची दाटी आहे. हे काम तिथलं. हालचालीतली मुख्य चित्रं म्हणजे गेन्गा. त्यांच्या मधली भरायची, ती दोगा.

कागदाला तीन भोकं: मधलं गोल, कडेची लांबट. ती खुंट्यांत घट्ट बसली पाहिजेत. भोक सैल झालं की पडद्यावर अख्खं चित्र थरथरतं.

[बोटांत धरलेले कागद, मागेपुढे.]

आता डावा हात बघा. बोटांच्या बेचक्यांत कागद धरून तो चाळतोय, उजवा रेघ ओढतोय. बरोब्बर मध्य काढला की झालं, असं नाही. चित्रातला हात खांद्याभोवती कमानीत फिरतो. दोन चित्रांतल्या मनगटांच्या सरळ मध्यावर तिसरं काढलं, तर हात मधेच आखूड होतो.

रेघ तुटता कामा नये. रंग स्कॅननंतर संगणकावर भरतात. केसाएवढी फट राहिली तरी बाहेर सांडतो. सावलीची हद्द रंगीत पेन्सिलीने आखायची. पडद्यावर ती रेघ उरत नाही.

सेकंदाला 24 फ्रेम. टीव्हीसाठी बहुधा एक चित्र तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला आठच. तरी वीस-बावीस मिनिटांच्या भागाला तीन ते पाच हजार चित्रं लागतात.

[कृष्णधवल चित्रफीत.]

ही काटकसर जुनी. 1 जानेवारी 1963 रोजी चित्रकथाकार ओसामु तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमु’ (‘ॲस्ट्रो बॉय’) ही आतोमु नावाच्या रोबो मुलाची मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा, तर चित्रं कमीच हवीत. वाहिनीचे पैसे खर्चाला पुरत नव्हते. तूट भरून निघाली ती खेळणी आणि आतोमुचं चित्र वापरायच्या हक्कांतून. मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबर येणाऱ्या आतोमुच्या स्टिकरवर मुलांच्या उड्या पडल्या. धंदा आजही याच हिशोबावर चालतो. फक्त हक्क आता बहुतेकदा पैसे घालणाऱ्या कंपन्यांच्या समितीकडे असतात. स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळते.

2023 मध्ये ॲनिमेची बाजारपेठ 3 लाख 30 हजार कोटी येनच्या पुढे गेली. निम्म्याहून जास्त पैसा परदेशातून आला. एका दोगाला मिळतात साधारण 200 येन. महिन्याला पाचशे काढली, तर एक लाख. तोक्योत भाडं भरून त्यात भागत नाही.

[शेवटचं गाणं. नावं सरकतात.]

‘दोगा’ या मथळ्याखाली ती काढणाऱ्यांची नावं येतात. कधी तिथे माणसांची नावंही नसतात, नुसतं दुसऱ्या देशातल्या एखाद्या स्टुडिओचं असतं.